आंब्याच्या ट्रकला टर्बो

लखनौला असताना तुम्ही काय करत होता, असं कुणी विचारलं की मी "पंप दुरुस्त करायचे" म्हणते, आणि समोरचा माणूस लगेच आपल्या सोसायटीतल्या पाण्याच्या मोटरीची तक्रार सुरू करतो. म्हणून आधीच सांगते. माझे पंप पाण्याचे नव्हते, डिझेलचे होते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा दाबून इतकी तापवायची की तिच्यात डिझेलचा फवारा पडताच भडका उडावा. हा फवारा नेमक्या क्षणी आणि नेमका मोजून द्यायचा, हे पंपाचं काम. एका वेळचा घास मिरीच्या दाण्याएवढा. इंजिनात चार सिलिंडर असतील तर चारही घास सारखे हवेत. एकाला जास्त गेला तर धूर, कमी गेला तर धक्के. पंप टेस्ट बेंचवर चढवायचा, मोटरने फिरवायचा आणि चार काचेच्या नळ्यांत पडणाऱ्या डिझेलची पातळी बघत स्क्रू फिरवत बसायचं. चारही नळ्या एका रेषेत आल्या की जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कशातही झालेला नाही. हे मी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशीही बोलून गेले होते, आणि आमचे यजमान सुधाकर यांनी ते मनाला लावून न घेता ऐकलं होतं.

मी मूळची मिरजेची. सांगलीत मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, वर्गात मी एकटीच मुलगी. सुधाकर बँकेत. त्यांची लखनौला बदली झाली तेव्हा मला तिथे एका इंजिन कंपनीच्या सर्व्हिस विभागात पंपांच्या खोलीत काम मिळालं. दुरुस्त झालेल्या गाड्या रस्त्यावर चालवून बघायच्या असत, म्हणून ट्रकचं लायसन्सही तिथेच काढलं. सात वर्षांनी कंपनीने तो विभाग बंद केला. तोवर आम्ही सरोजिनी नगरात घर घेतलं होतं. घराला मोटारीसाठी गॅरेज होतं आणि मोटार नव्हती, नुसती स्कूटर. कंपनीने मोडीत काढलेला टेस्ट बेंच मी घेतला आणि त्या गॅरेजात बसवला. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार होतं. कुकरच्या शिट्ट्या मोजत मी पंप लावत असे.

घर कानपूर रोडपासून जवळ, त्यामुळे ट्रकवाले यायला लागले. पहिल्या वर्षी ते माझ्याशी बोलायला लाजत. एक उंचनिंच ड्रायव्हर पंप घेऊन आला आणि सुधाकरांना सांगू लागला, "भाईसाहब, चढ़ाई पे गाड़ी मरी-मरी चलती है." सुधाकर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "चढावर गाडी ओढत नाही म्हणतोय." मी मराठीत विचारलं, "धूर कसला येतो? काळा की पांढरा?" त्यांनी ते हिंदीत विचारलं. आम्ही तिघं तीन फुटांच्या आत उभे होतो. पंधरा मिनिटं हा दुभाषाचा कारभार चालला. शेवटी तो ड्रायव्हर सुधाकरांना म्हणाला, "भाभीजी को सब समझ में आता है, आप नाहक तकलीफ़ कर रहे हैं." त्यानंतर तो नेहमी थेट माझ्याकडेच आला.

आणि एकदा तर एका वरातीतले काका घाम पुसत, डोक्यावर फेटा तसाच ठेवून आले. दिव्यांच्या जनरेटरने वाटेतच दम तोडला होता आणि नवरदेव घोडीवर अंधारात उभा होता. मी साडी खोचून त्या हातगाडीवरच्या जनरेटरशी बसले. पाईपमध्ये हवा शिरली होती, एवढंच. दिवे लागले तेव्हा बँडवाल्यांनी माझ्याकडे बघूनच पुढची धून सुरू केली. माझी मुलगी मुग्धा मराठी सगळं समजून उत्तर मात्र हिंदीत द्यायची. ती म्हणाली, "मम्मी, आप तो बारात में नाचे बिना ही हीरो बन गईं."

पण सांगायची गोष्ट आहे ती मक़सूद खाँसाहेबांच्या ट्रकची.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतला एक नोव्हेंबर. पांढरी दाढी, काळी शेरवानी, साठी ओलांडलेले एक गृहस्थ दारात आले. मलीहाबादला त्यांची आमराई होती. दशहरी आंबा. त्यांनी विचारलं, "इंजीनियर साहिबा आप ही हैं?" मी इंजिनिअर नाही, डिप्लोमा आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "हमारे लिए तो वही है जो इंजन समझे." मग चहा घेईपर्यंत त्यांनी कामाचं काढलंच नाही. लखनौकडचा माणूस मुद्द्यावर येण्याआधी तुमची, तुमच्या घरच्यांची आणि हवेची चौकशी करतो. कप खाली ठेवल्यावर म्हणाले, "एक बुज़ुर्ग ट्रक है. साँस नहीं ले रहा."

पुढच्या रविवारी सुधाकर आणि मी बघायला गेलो. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेला अमेरिकन ट्रक. लहान चणीचा, पुढे गोल डोळ्यांचे दिवे, लांब अरुंद नाक, स्टेअरिंग डावीकडे. खाँसाहेबांच्या वडिलांनी, हाजीसाहेबांनी, तो घेतला आणि पुढे कितीतरी उन्हाळे त्यातून आंबा शहरात पोचवला. ड्रायव्हर वारला, इंजिनाला तडा गेला, आणि ट्रक अठरा वर्षं एका झाडाखाली उभा होता. त्याच्या हौद्यात पानांचा थर होता आणि त्या थरात एक आंब्याचं रोप उगवलेलं. बॉनेटच्या बाजूला हाजीसाहेबांनी स्वतःच्या हाताने एक आंबा रंगवला होता. रंग उडाला होता, पण देठ आणि एक पान अजून दिसत होतं.

थोरला मुलगा शाहिद तिथेच होता. तिशीचा, हिशेबी, पण उद्धट नव्हे. तो मला म्हणाला, "आप ही अब्बा को समझाइए. कबाड़ी वाला दो बार आ चुका है."

खाँसाहेब म्हणाले, "आम आने तक रुक जाओ. इस बार का पहला माल यही ले जाएगा. न ले जा सका, तो कबाड़ी को मैं ख़ुद बुलाऊँगा."

मुलाने मान डोलावली. म्हणजे मुदत जूनपर्यंत.

मी टेप काढून नाकाची मापं घेतली आणि तिथेच अडचण कळली. ट्रकला शोभेल असं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवायचं तर बॉनेट कापून रुंद करावं लागणार, आणि तो रंगवलेला आंबा जाणार. खाँसाहेबांनी मान हलवून नकार दिला. न कापता बसेल असं इंजिन म्हणजे एखाद्या जीप-व्हॅनचं चार सिलिंडरचं. ते रिकामा ट्रक ओढील, भरलेला नाही.

परत येताना सुधाकर बसमध्ये म्हणाले, "नाही म्हणून कळव. हा काही पंप नाही, अख्खा ट्रक आहे." मी खिडकीतून बाहेर बघत होते. मला टर्बो सुचला होता.

टर्बो म्हणजे काय ते सांगते, फार सोपं आहे. लोहार भात्याने हवा मारतो तेव्हा तोच कोळसा जास्त भडकतो. इंजिनाचंही तसंच. जास्त हवा कोंबली तर जास्त डिझेल जाळता येतं आणि लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. पण भाता हलवायचा कुणी? तर इंजिनाचा जो तापलेला धूर वाया जातो, त्याच्याच झोताने. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन छोटे पंखे. एक धुरात फिरतो, त्याच्याबरोबर दुसरा फिरतो आणि ताजी हवा आत ढकलतो. शंख म्हणावा तशा आकाराच्या दोन डब्या पाठीला पाठ लावून ठेवल्यासारखं ते यंत्र दिसतं. मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतं आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतं. तेल सतत आत यायला हवं आणि सतत बाहेर पडायला हवं. सगळी गंमत आणि सगळा धोका त्या तेलात.

आपल्याकडे तेव्हा टर्बो मोठ्या ट्रकांना नुकते यायला लागले होते. लहान इंजिनाला कुणी घरी लावल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं. जास्तीचं डिझेल किती द्यायचं हे ठरवणं मात्र माझंच काम होतं, रोजचं. म्हणून मी हो म्हटलं. एवढं धाडस मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलं नाही.

मला हात हवे होते हलीम चाचांचे. हलीम चाचा अमीनाबादला राहायचे. चिनहटच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर आणि वेल्डर होते, आता निवृत्त, अडल्या कामाला माझ्याकडे येत. वेल्डिंगचा त्यांचा टाका आमच्या आईच्या हातशिलाईसारखा, सारखा आणि बारीक. ते मला बिटिया म्हणत आणि जेवणाच्या सुट्टीत लोणच्याच्या फोडीवरून आमचं भांडण होई. त्यांना राईचं लागे, मी मिरजेचं देई.

ट्रक ओढून आणला तो दिवस गल्लीला सणासारखा होता. गॅरेजमध्ये त्याचं नाकच मावलं. मागचा हौदा अंगणात, वर ताडपत्री. शेजारच्या शुक्ला भाभी गच्चीवरून म्हणाल्या, "ये म्यूज़ियम कब तक रहेगा?" मी म्हटलं, "आम आने तक." त्यांनी त्याचा अर्थ काय घेतला कोण जाणे, पण पुढे आल्या-गेल्याला त्या तेच उत्तर देऊ लागल्या.

अपघातात सापडलेल्या एका व्हॅनचं चांगलं इंजिन मिळालं. टर्बोसाठी हलीम चाचा आणि मी कानपूरच्या जुन्या बाजारात तीन वेळा गेलो. तिसऱ्या खेपेला एका मोडीत निघालेल्या परदेशी जनरेटरचा छोटा टर्बो सापडला. चाचांनी आधी दांडा बोटाने फिरवला, मग डोळे मिटून कानाशी धरून पुन्हा फिरवला. म्हणाले, "ज़िंदा है." इंजिन बदलल्याची नोंद करून घ्यायला सुधाकर आरटीओत चार खेपा घालून आले. बँकेत राहिलेल्या माणसाचा फॉर्म भरण्यातला संयम मी तेव्हा पहिल्यांदा मानला.

थंडीचे ते महिने माझ्या नोकरी-धंद्यातले सर्वांत सुखाचे. सकाळी धुकं असे, हात गारठत, चाचा शेगडीवर लोखंडी पाने शेकून मग हातात घेत. इंजिन ज्यांवर बसतं ते पाय आम्ही आधी पुठ्ठ्याचे करून बघितले, मग लोखंडाचे केले. हौद्यातलं आंब्याचं रोप मी कुंडीत लावलं. खाँसाहेब दर जुम्म्याला नमाजानंतर येत, खुर्चीवर बसून बघत आणि जाताना प्रत्येक वेळी एकच विचारत, "मरीज़ कैसा है?"

मार्चमध्ये टर्बो चढवला. तेल बाहेर काढणारा पाईप कुठून न्यायचा यावर माझं आणि चाचांचं जुंपलं. सरळ खाली न्यायचा तर स्टेअरिंगचा दांडा आड येत होता. मी तो पाईप थोडा बारीक घेतला आणि वरून वळसा देऊन नेला. चाचा म्हणाले, "बिटिया, तेल ढलान माँगता है." मी म्हटलं, "चाचा, तेलाच्या पंपाचा दाब आहे मागे. जाईल." त्यांनी माझ्या सांगण्याप्रमाणे वळसा जोडला, तो टाकाही नेहमीसारखाच सुंदर.

चूक माझी होती, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने करावी अशी. दाब तेलाला टर्बोपर्यंत आणतो. पुढे ते फक्त उतारानेच परत जातं.

एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही इंजिन सुरू केलं. पहिली दोन मिनिटं छान गेली. चाचा हसत होते. मग धूर निळसर झाला आणि मी हात न लावता इंजिनाचा वेग वाढू लागला. मी इंजिन बंद करायची तार ओढली. डिझेल तुटलं, पण इंजिन थांबेना. उलट किंचाळू लागलं. मला कळलं काय झालंय. टर्बोत तुंबलेलं तेल हवेच्या बाजूला शिरत होतं आणि इंजिन आता डिझेलवर नाही, स्वतःच्याच तेलावर धावत होतं. अशा इंजिनाला लगाम नसतो. ते तेल संपेपर्यंत किंवा फुटेपर्यंत धावतं. फुटलं तर लोखंडाचे तुकडे उडतात.

गॅरेज धुराने भरलं. चाचा हवेचा रबरी पाईप दाबून धरायला पुढे झाले आणि त्यांचा तळवा तापलेल्या टर्बोवर टेकला. त्यांचा आवाज मला त्या गोंगाटातही ऐकू आला. इंजिनाचा श्वास कोंडला तरच ते मरेल, हे मला ठाऊक होतं. हाताने ते करायचं नसतं, हात आत ओढला जातो. मी मधल्या दारातून स्वयंपाकघरात धावले. ओट्यावर पोळपाट होता, त्यावर अर्धी लाटलेली पोळी. तो तसाच उचलला, हवेच्या तोंडावर आपटला आणि दोन्ही हातांनी रेटून धरला. पोळपाट तोंडाला चिकटून बसला. इंजिन दोनतीनदा गदगदलं आणि बंद पडलं.

इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. गच्चीवरून शुक्ला भाभी खोकत विचारत होत्या, "सब ठीक है ना?" त्यांचे वाळत घातलेले पापड काळे झाले होते.

चाचांचा हात थंड पाण्यात धरला, सुधाकरांना बँकेतून बोलावलं, डॉक्टरकडे नेलं. तळव्याला मोठा फोड. डॉक्टरांनी तीन आठवडे हात वापरायचा नाही म्हणून सांगितलं. चाचा वाटेत एकदाच बोलले, "रोटी ख़राब हो गई तुम्हारी."

त्या रात्री मी जेवले नाही. इंजिन फुटलं असतं तर, हा विचार होताच. पण त्याहून जास्त टोचत होतं ते हे की ज्याने आयुष्यभर हाताने लोखंड ओळखलं त्याने मला सांगितलं होतं, आणि मी डिप्लोमाच्या घमेंडीत ऐकलं नव्हतं.

आधी मी मलीहाबादला गेले आणि खाँसाहेबांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. चूक माझी, तुमचा वेळ गेला, इंजिन उघडावं लागेल, मुदत कदाचित साधणार नाही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "आप सलामत हैं?"

"हो."

"हलीम मियाँ?"

"हात भाजलाय. बरा होईल."

"तो आम कौन-से कल पक रहे हैं," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी सरबत मागवलं.

मग अमीनाबाद. रिक्षा बाजाराच्या तोंडाशी सोडली आणि कापडाच्या गर्दीतून चालत चाचांच्या गल्लीत शिरले. दारात पाय ठेवेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. चाचा खाटेवर बसलेले, हाताला पट्टी. चाचींनी चहा आणला. मी म्हटलं, "चाचा, माझं चुकलं. तुम्ही सांगितलं होतंत."

त्यांनी पट्टीचा हात मांडीवर नीट ठेवला. मग विचारलं, "पाइप बदला?"

"अजून नाही. तुम्ही आल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"कैसे बदलोगी?"

"जाड घेईन. सरळ खाली. स्टेअरिंगचा दांडा आड येतो, तर टर्बोच दोन इंच वर उचलेन."

"तीन इंच," ते म्हणाले. "दो में फँसेगा." आणि चाचींना म्हणाले, "इनको बिस्कुट भी दो, ये बहुत दूर से लड़ने आई हैं."

इंजिन उघडलं. नशीब मोठं, पिस्टनच्या रिंगा आणि एक बेअरिंग एवढंच गेलं होतं. एप्रिल सगळा त्यात संपला. चाचा परत आले तेव्हा तळव्याची कातडी गुलाबी आणि नवी होती. या वेळी त्यांनी पाईप आखला, मी धरला. मी पंप बेंचवर घेतला आणि घास थोडा थोडा वाढवत नेला. वाढवणं सोपं असतं. सगळे ट्रकवाले तेच मागतात, "भाभीजी, तेल बढ़ा दो," आणि काळ्या धुराला ताकद समजतात. धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, वाया गेलेलं. मला धूर न दिसता ताकद हवी होती. आठ दिवस लागले.

मेच्या शेवटी, दुपारी लूचा गरम वारा वाहत असताना, ट्रक अंगणातून मागे घेतला आणि कानपूर रोडवर काढला. मी चालवत होते, चाचा शेजारी. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि बॉनेटखालून एक बारीक शीळ सुरू झाली, चढत गेली, आणि पाठीमागून कुणी हाताने ढकलावं तसा ट्रक पुढे सरकला. आरशात धूर नव्हता. चाचा खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. त्यांच्या डोळ्यांत लूमुळे पाणी आलं, असं ते म्हणाले.

जूनच्या सुरुवातीला खाँसाहेबांचा निरोप आला, पहिला तोडा निघतोय. आम्ही ट्रक घेऊन पहाटे आमराईत पोचलो. शाहिदने सावधगिरी म्हणून एक भाड्याचा ट्रक रिकामा आणून ठेवला होता; वाटेत आमचा बंद पडला तर माल त्यात हलवायचा. मला राग आला नाही. मीही हेच केलं असतं.

आंब्याच्या पेट्या चढल्या, हौदा काठोकाठ भरला. चाक दबलं ते मी वाकून बघितलं. मग ठरवलेला ड्रायव्हर चढला आणि लगेच उतरला. डावीकडचं स्टेअरिंग त्याने कधी बघितलं नव्हतं. म्हणाला, "उल्टी गाड़ी हम न चलाएँगे." मी खाँसाहेबांना म्हटलं, मग तुम्हीच घ्या, तुमचाच ट्रक आहे.

ते हसले, जरा ओशाळून. "मैंने इसे कभी चलाया नहीं. कोई भी गाड़ी नहीं चलाई." सोळा वर्षांचे असताना त्यांनी हा ट्रक चोरून सुरू केला आणि सरळ तळ्यात घातला. हाजीसाहेबांनी त्या दिवशी सांगितलं, तुमसे न होगा, आणि पुन्हा स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. वडील गेल्यावर त्यांनाच धीर झाला नाही. शाहिद हे ऐकत उभा होता. त्यालाही ठाऊक नसावं.

तेव्हा मीच चढले. शेजारी खाँसाहेब, त्यांच्यापलीकडे चाचा. मागून शाहिद भाड्याच्या ट्रकमध्ये.

शहराच्या अलीकडे रेल्वेच्या रुळांवरून जाणारा पूल लागतो. लखनौत चढ म्हणजे असे पूलच. पायथ्याशी मी गिअर उतरवला. पहिली काही फुटं ट्रक जड झाला. मग शीळ आली. ट्रकने मान खाली घालून जोर लावावा तसा तो चढू लागला, एकसारखा, न अडखळता. रस्त्याकडेला सायकल हातात धरून चढणारी माणसं थांबून बघत होती. ट्रकपेक्षा जास्त, साडीतल्या बाईकडे. पुलाच्या माथ्यावर पोचल्यावर चाचांनी मागे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "साहबज़ादे पीछे रह गए." भाड्याचा ट्रक रिकामा असूनही अर्ध्या चढावर काळा धूर ओकत होता. त्याच्या पंपाची तपासणी करायला हवी, असं माझ्या मनात आलंच.

मंडीत जुने आडते हाजीसाहेबांचा ट्रक ओळखून गोळा झाले. शाहिद दहा मिनिटांनी पोचला. बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिला, मग चाचांना विचारलं, "चचा, ये सीटी कहाँ से आती है?" चाचांनी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्या पाईपच्या उतारासकट. माझं नाव मात्र घेतलं नाही. म्हणाले, "पहले ग़लत लगा था, हम लोगों से." त्या 'हम लोगों' बद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

रिकामा ट्रक घेऊन आम्ही आमराईत परतलो. मी इंजिन चालूच ठेवून खाली उतरले आणि खाँसाहेबांना म्हटलं, "आता तुमची पाळी. इथे तळं नाही, मी बघितलंय."

ते चढले. मी शेजारी बसून क्लच, गिअर, ब्रेक सांगितले. पहिल्यांदा ट्रक उडी मारून बंद पडला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तो हळूच निघाला. झाडांच्या दोन रांगांमधल्या वाटेने, पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्या वेगाने. तोडणारे मजूर झाडांवरून बघत होते. शाहिद वाटेच्या कडेला उभा होता आणि आम्ही समोरून जाताना त्याने वडिलांना सलाम केला. एक पूर्ण फेरी घालून खाँसाहेबांनी ट्रक निघालो तिथेच आणून उभा केला. कपाळावरून घामाच्या धारा.

त्यांचा हात इंजिन बंद करायच्या तारेकडे गेला. मी म्हटलं, "लगेच बंद करायचं नाही. टर्बो तापलेला असतो. दोन मिनिटं असंच चालू ठेवायचं, मग बंद."

त्यांनी हात पुन्हा स्टेअरिंगवर ठेवला. इंजिन मंद चालत होतं. ते समोरच्या काचेतून वाटेकडे बघत होते.

मी घड्याळ पाहिलं. "झाली दोन मिनिटं. आता करा बंद."

"रहने दीजिए," ते म्हणाले. "एक चक्कर और."

मी दार उघडून खाली उतरले, आणि खाँसाहेब एकटेच गेले.